दारणेतला धोंडा

नाशिककरांना गोदेचा पूर कळतो तो दुतोंड्या मारुतीवरून. दुष्काळ कळायला आमच्या आत्याला दारणेच्या डोहातला एक काळा धोंडा पुरे होता. आमच्या इगतपुरीकडे पाऊस आभाळ फाटल्यासारखा. तरी चैत्र सरला की हंडे पालथे! १९७२च्या दुष्काळानंतरच्या उन्हाळ्यात धोंड्याचे बूड उघडे पडले. आत्या मुकाट्याने घरी आली. येत्या बाजारी कपिला घोटीला गेली.

पुढे कधीतरी वाचले, एल्ब नदीत, चेक देशातल्या देचीनला, असाच एक दगड आहे. त्यावर दुष्काळाची साले कोरलेली, वाचता येणारे सर्वांत जुने १६१६. आणि 'मला पाहशील तर रड' अशी जर्मन ओळ.

आत्याला अक्षर येत नव्हते. तिने कोयत्याच्या टोकाने घाशीत धोंड्याच्या बुडाशी एक रेघ ओढली होती. त्या दिवाळीत मी बुडी मारून ती बोटाने चाचपली.