परतीचें पाणी

प्रत्येक घरांत एखादी तरी अशी वस्तु असते कीं, ती बिघडल्याशिवाय तिची आठवण कोणालाहि होत नाहीं. टेक्सस राज्यांतील डॅलस शहराच्या ज्या उपनगरांत मी गेलीं कांहीं वर्षें राहतों, तेथें हा मान पितळेच्या एका वाकड्या नळीला द्यावा लागेल. घराच्या कोपऱ्यांत, भिंतीलगत, ती जमिनींतून फूट-दीड फूट वर येते, डोक्यावर टोपडें मिरवते आणि पुन्हां जमिनींत शिरते. बागेच्या फवाऱ्यांना पाणी जातें तें हिच्यांतून. इंग्रजींत तिला बॅकफ्लो प्रिव्हेंटर म्हणतात. मराठींत नांव ठेवायचें झालें तर मी ‘परतझडप’ ठेवीन.

नळाचें पाणी आपल्याकडे येतें, एवढेंच आपण धरून चालतों. परंतु पाण्याला आपलें-परकें ठाऊक नसतें. जिकडे दाब कमी, तिकडे तें धांवतें. रस्त्याखालचा मोठा नळ फुटला, किंवा आगीच्या बंबांनीं एकदम पुष्कळ पाणी ओढलें, कीं रस्त्यांतील दाब उतरतो आणि घराघरांतील पाणी उलटें खेंचलें जातें. बागेच्या नळ्यांतील पाण्याची खतें, कीटकनाशकें आणि कुत्र्यामांजरांची घाण ह्यांनीं माखलेल्या मातीशीं सलगी असते. तें मागें फिरलें तर शेजाऱ्याच्या स्वयंपाकघरांतहि जाऊन पोहोंचेल. परतझडपेंत स्प्रिंगवर बसविलेली चकती पाण्याला पुढें जाऊं देते, मागें येऊं देत नाहीं. आणि दाब उतरतांच टोपड्याखालची वाट उघडून हवा आंत शिरते व ती ओढ तुटते. हें साधावें म्हणून झडप सर्वांत उंच फवाऱ्याहून निदान फूटभर वर बसवावी लागते.

ही भीति पुस्तकी नव्हे. १९३३ सालीं शिकागोला जागतिक प्रदर्शन भरलें असतांना दोन हॉटेलांतील सदोष नळजोडण्यांमुळें सांडपाणी पिण्याच्या पाण्यांत मिसळलें. आमांशाची सांथ पसरली आणि ९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं.

गेल्या हिवाळ्यांत आई पुण्याहून आली होती. मी त्या नळीभोंवतीं जुनी गोधडी गुंडाळीत असतांना ती म्हणाली, “अरे, त्या नळाला कानटोपी कशाला रे?” मीं सारी हकीकत सांगितली. ती ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे आपल्या ओगराळ्यासारखेंच कीं! माठांतलें पाणी बाहेर यावें, पण बाहेरचें कांहीं माठांत जाऊं नये.” जी गोष्ट समजावण्यास मला दहा मिनिटें लागलीं, ती तिनें एका वाक्यांत संपविली. माठांत हात बुडवायचा नाहीं, पेल्यांत उरलेलें पाणी पुन्हां माठांत ओतायचें नाहीं, तें झाडाला घालायचें, हा नियम आमच्या घरीं कोणी शिकविल्याचें मला आठवत नाहीं; तो अंगवळणींच पडलेला होता.

आतां थंडीची गोष्ट. जमिनीवर उंच असणें हाच ह्या झडपेचा गुण आणि हाच तिचा घात. जमिनीखालच्या नळ्यांना मातीची ऊब मिळते. ही मात्र उघड्यावर कुडकुडत उभी. पाणी गोठतांना सुमारें ९ टक्क्यांनीं फुगतें, आणि दोन बंद तोट्यांच्या मधें कोंडलेल्या पाण्याला फुगावयास जागा नसली म्हणजे पितळहि तडकतें. मौज अशी कीं, त्या रात्रीं कांहींच दिसत नाहीं. बर्फच बूच होऊन बसलेला असतो. ऊन पडून तो वितळला म्हणजे मग कारंजें उडतें.

गोधडीवर येथील लोकांचा भरंवसा फार. थंडीचा इशारा मिळतांच गल्लींतील साऱ्या नळ्या टॉवेल आणि चादरी पांघरून उभ्या राहतात. एखाद्या रात्रीच्या हलक्या थंडीला तेवढें पुरतें. मात्र टोपड्याखालची हवेची वाट बुजवूं नये. परंतु गोधडी ऊब निर्माण करीत नाहीं, असलेली राखते. आपण तिच्याखालीं उबदार राहतों तें आपल्याच रक्ताच्या उष्णतेनें. पितळेला स्वतःची ऊब कोठली? पारा दोन-तीन दिवस शून्याखालींच राहिला, तर गोधडींतील नळ आणि उघडा नळ ह्यांत फारसा फरक उरत नाहीं. खरा उपाय म्हणजे पाणीच काढून घेणें. प्रथम बागेकडे जाणारें पाणी जमिनींतील पेटीमधल्या चावीनें बंद करावें. मग झडपेवरील तपासणीच्या लहान तोट्या उघडून आंतील पाणी गळूं द्यावें. शेवटीं दोन्ही मोठ्या तोट्यांचे दांडे ४५ अंशांत तिरपे ठेवावे, म्हणजे तोटीच्या पोटांतील पोकळींत पाण्याचा घोट अडकून राहत नाहीं. वसंतांत पाणी पुन्हां सोडतांना चावी सावकाश उघडावी, कारण पाण्याच्या धक्क्यानेंहि चकती मोडते. उत्तरेकडील मिनेसोटासारख्या राज्यांत जमीनच कित्येक फूट गोठते. तेथें यंत्रानें हवा फुंकून बागेच्या साऱ्या नळ्या रिकाम्या करतात.

टेक्ससमध्यें ही शिस्त रुळलेली नाहीं, कारण कडाक्याची थंडी क्वचितच येते. १६ फेब्रुवारी २०२१ रोजीं डॅलसचा पारा उणे १९ अंश सेल्सिअसपर्यंत उतरला. राज्यांतील सुमारें ४५ लाख घरांची वीज गेली. सरकारी हिशेबानें २४६ माणसें दगावलीं. घरोघरचे नळ फुटून वाहूं लागले, शहराशहरांत पाण्याचा दाब उतरला, आणि पाणी उकळून प्या अशा सूचना निघाल्या. म्हणजे ज्या दिवसांत परतझडपेची गरज सर्वांत मोठी, नेमक्या त्याच दिवसांत थंडी तिला फोडीत होती. ज्यांनीं बागेचें पाणी आधींच बंद केलें होतें, त्यांच्या बागेंतील पाण्याला परतीची वाटच उरली नव्हती.

ही झडप फुटली तर माझें नुकसान तें किती? नवी बसविण्याचा खर्च आणि थोडें सुकलेलें गवत. एवढ्यासाठीं थंडींत हात गारठवून घ्यावे काय, असें कोणी विचारील. दाराचें कुलूप आपण स्वतःसाठीं लावतों, म्हणून तें विसरत नाहीं. परतझडप माझ्या दारीं उभी असली तरी तिचा पहारा माझ्यावर आहे. ज्यांच्यासाठीं तो आहे, त्यांतील बहुतेकांचीं नांवेंहि मला ठाऊक नाहींत; त्यांना माझें ठाऊक नाहीं. तरी त्यांच्यापैकीं प्रत्येकजण आपापल्या कोपऱ्यांतील चावी वेळेवर फिरवीत असेल, ह्या भरंवशावर मी अपरात्रीं उठून नळाखालीं पेला धरतों आणि निःशंक मनानें पाणी पितों.