थोडी म्हणजे किती?

आईला घेऊन इस्तंबूलला गेलो होतो. एमिनोनूहून बोटीने कादीकॉयला उतरलो आणि कॉफी प्यायला बसलो. आईला मधुमेह. बडोद्याला 'साखर थोडीच' म्हटलं की ओळखीचे लोक काय ते समजतात. मी मोबाईलवर 'थोडी' टाकलं, उत्तर आलं 'आझ'. 'आझ शेकेरली' मागवली.

पहिल्याच घोटाला आई म्हणाली, "अरे, ही तर गोड आहे!" तुर्की कॉफीत साखर शिजतानाच पडते, नंतर काढता येत नाही. 'आझ' म्हणजे थोडी, पण घालायचीच. बिनसाखरेची हवी तर 'सादे' म्हणायचं. आपला 'साधा' आणि हा 'सादे', दोघांचं मूळ फारसीत!

मग कान टवकारले. 'चोक' म्हणजे खूपही आणि पुष्कळही. त्यापुढे नाम एकवचनीच राहतं : 'चोक किताप', म्हणजे पुष्कळ पुस्तक! 'फाझला' म्हणजे जास्तीचं, आपल्या 'फाजील'चं भावंड. आपलं 'तमाम' तिथे 'ठीक आहे' होतं.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडायच्या आतच आई वेटरला म्हणाली, "सादे!" तो हसून म्हणाला, "तमाम."

तब्येतीचा प्रश्न असेल तिथे भिडेपोटी 'थोडी' म्हणू नये, सरळ 'नको' म्हणावं. हे मी आईकडून शिकलो.