आढीतला मार

कच्च्या हापूसला मार लागला तरी तो बोलत नाही. सालीवर ओरखडा नाही, डाग नाही, फळ दगडासारखं टणक. नेमकं कुठलं पडलं होतं ते आढी उघडल्यावरच कळतं. त्यामुळे मार मोजायचा, तर आधी तो आपणच द्यावा लागतो, आणि तोही मोजून.

चौदा आणे तयार झालेलं, अडीचशे ग्रॅमचं फळ एक मीटरवरून फरशीवर सोडलं, की जवळजवळ अडीच ज्यूल ऊर्जा त्याच्या अंगात शिरते. पण हापूस काही चेंडू नव्हे. एका बाजूला खांदा चढलेला. हातातून सोडला की हवेत वळतो आणि पोटावर पडायचा तो खांद्यावर आपटतो. म्हणून आता मी तो दोन दोऱ्यांत झोपाळ्यासारखा टांगून भिंतीवर आदळवतो. उंची तीच, पण लागतं हवं तिथे. लागल्या जागी लगेच मार्करनं गोल करायचा.

हा गोल एकदा करायचा राहिला. बारा फळं. आठ-दहा दिवसांनी पिकल्यावर चिरली, आत फिकट, भुसभुशीत पट्टे दिसले. मी हौसेनं मापं लिहून काढली. शेजारच्या टेबलावरच्या काकांनी एक फोड तोंडात टाकली, तोंड वाकडं केलं. "आंबट आहे रे. साका आहे हा, मार कसला!" साका, म्हणजे हापूसच्या गरातला दोष, कोयीलगत धरतो; मार सालीखालून आत उतरतो. मी सगळा गर पेल्यात काढून मोजत बसलो होतो, कोयीकडे पाहिलंच नव्हतं. बाराही आकडे खोडले.

आता आधी साल सोलतो, डागाची लांबी-रुंदी घेतो, मग मधोमध चिरून खोली. तिन्हींचा गुणाकार, गुणिले पाय (π), भागिले सहा: अर्ध्या अंड्याच्या आकाराचं घनफळ. व्हर्नियर मिलिमीटरचे बारीक अंश दाखवतो. डागाची कड मात्र दोन मिलिमीटर इकडे की तिकडे, हे अंगठ्यानं दाबून मीच ठरवतो. वहीत हे कुठे लिहायचं असतं?

परवा बागेत गड्यानं आंबे उतरवायचा झेला क्रेटमध्ये उपडा केला. देठ शाबूत, चीक नाही, काढणी सुरेख. पण क्रेटच्या तळाला पेंढा नव्हता. थप्, थप्, थप्. नंतरची फळं आधीच्यांच्या अंगावर पडली. मी खिशातून मार्कर काढेपर्यंत क्रेट भरला होता.