न घेतलेल्या कॅमेऱ्याची जकात

दर रमजानमध्ये आम्ही नवरा-बायको जकातीचा हिशोब मांडतो. ती आकडे सांगते, मी वहीत लिहितो. यंदा एका पासबुकापाशी ती थांबली. "१,४०,००० रुपये. अडीच टक्क्यांनी ३,५०० झाले. न घेतलेल्या कॅमेऱ्याची जकात द्यायचं हे तिसरं वर्ष. एकदाचा घेऊन तरी टाका, नाहीतर नाद तरी सोडा."

वापरातल्या वस्तूवर जकात नसते, साठवलेल्या पैशावर असते. तिचं म्हणणं चूक नव्हतं.

मला हवा होता डिजिटल रेंजफाइंडर. अब्बांनी कुवेतहून आणलेल्या याशिका इलेक्ट्रो ३५ वर मी फोटो काढायला शिकलो, तो रेंजफाइंडरच होता. अशा कॅमेऱ्यात आपण लेन्समधून पाहत नाही. वरच्या कोपऱ्यात वेगळी खिडकी असते. तिच्या मधोमध छोट्या चौकोनात समोरच्या माणसाची दुसरी, सरकलेली प्रतिमा दिसते. लेन्सची रिंग फिरवत दोन नाकांचं एक नाक झालं, की फोकस लागला. हे काम आपणच करायचं, कॅमेरा करून देत नाही.

डिजिटलमध्ये असे कॅमेरे मोजकेच. २००४ साली एप्सनचा आर-डी१ आला, तो पहिला. मग २००६ साली लायकाचा एम८ आणि २००९ साली फुल-फ्रेमचा एम९. नव्या लायकाच्या पैशात आमच्याकडे लोक चारचाकी घेतात, म्हणजे माझ्यासाठी जुनाच. एम८ त्यातल्या त्यात स्वस्त, पण त्याचा सेन्सर इन्फ्रारेड प्रकाश जास्त पकडतो. काळं सिंथेटिक कापड जांभळट दिसतं, त्यासाठी लेन्सवर वेगळा फिल्टर लावावा लागतो. हे वाचलं तेव्हा डोळ्यांपुढे आले ते आमच्या मोहल्ल्यातले काळे बुरखे! मग एम९ ठरला आणि पैसे साठवायला लागलो.

हे सगळं कशासाठी, तर मिरजेच्या सतारमेकर गल्लीसाठी. गल्ली माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर. माझा जुना डीएसएलआर डोळ्याला लावला की माझा सगळा चेहरा झाकतो आणि समोरचा कारागीर सावरून बसतो. रेंजफाइंडरची खिडकी कोपऱ्यात असल्यामुळे अर्धा चेहरा उघडा राहतो. फोटो काढताना त्याला मी दिसेन, असं माझं गणित होतं. तो कॅमेरा आला की गल्लीचं काम नीट सुरू करायचं, असं ठरवून मी तिकडे जाणंच थांबवलं.

दुसऱ्या वर्षी गल्लीतले एक बुजुर्ग कारागीर गेले. चाळिसाव्यानंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. "भाई, तुमच्याकडे अब्बांचा कामावर बसलेला एखादा फोटो असेल ना?" माझ्याकडे नव्हता. त्याला काय सांगणार, की मी कॅमेऱ्याची वाट बघत होतो?

यंदा ईदनंतर पुण्याच्या एका मित्राने त्याचा एम९ दोन दिवसांसाठी दिला. तो घेऊन गल्लीत गेलो. एक चाचा सतारीची जवारी लावत होते. घोडीचा माथा कानशीने जरा घासायचा, तार छेडून ऐकायची, पुन्हा जरा घासायचं. मला ती कानस आणि तो माथा जवळून हवा होता. पण लेन्स ७० सेंटीमीटरच्या आत फोकस होईना. या जातीच्या बहुतेक लेन्सचं हेच असतं. चेहरा छान मिळत होता, काम मिळत नव्हतं. तीन वर्षं वाचन करून ही मर्यादा मला पाठ होती. ती नेमकी आपल्याच कामाच्या आड येईल, हे मात्र सुचलं नव्हतं.

चाचांनी कॅमेऱ्याकडे पाहिलंही नाही. तार छेडता छेडता म्हणाले, "फोटू सब लेके जाते बेटा. लाके कोई नै देता."

त्यांचे मी चार वर्षांपूर्वी काढलेले फोटो माझ्या हार्ड डिस्कवर पडून होते. चेहरा दिसावा म्हणून कॅमेरा शोधत बसलो आणि चेहरा दाखवायला मात्र इतक्या दिवसांत एकदाही गेलो नाही.

कॅमेरा मित्राला परत केला. ज्या दुकानदाराला शब्द दिला होता त्यालाही नको म्हणून कळवलं. एम९ वाईट नाही. हाताला अब्बांच्या याशिकासारखाच लागला आणि परत देताना जिवावर आलं, ते खोटं कशाला सांगू? पण माझ्या कामाला जवळ जाणारी लेन्स लागते आणि ती माझ्याकडे आधीच आहे.

पुढच्या रविवारी जुने २३ फोटो छापून घेतले आणि ज्याचे त्याला नेऊन दिले. एका घरी देण्यासारखं काही नव्हतं. तिथे नुसता बसून चहा घेतला.

पासबुक बंद केलेलं नाही. आता त्यातून प्रिंटचे पैसे जातात. यंदाचे ३,५०० रुपये मात्र रमजानमध्येच देऊन टाकले. ते देणं होतंच.