आमचा समुद्र पूर्वेला

समुद्रावर मासे धरायला जायचे, हा बेत आम्हा तिघांच्या मनात बरीच वर्षे होता. तिघेही गडचांदूरला शिकवण्याचे काम करणारे. एक मराठीचा, एक इंग्रजीचा, एक भूगोलाचा. बेताचे मूळ अर्थातच पुस्तकात होते. हेमिंग्वेची १९५२ सालची ती छोटी कादंबरी आणि पु. ल. देशपांडे यांनी ‘एका कोळियाने’ या नावाने केलेला तिचा अनुवाद, यांवर आम्ही वर्गात आणि वर्गाबाहेर पुष्कळ बोललो होतो. पुस्तकाचे नाव ऐकून मुलांना पहिल्यांदा जाळे विणणारा किडाच आठवतो, हेही आम्ही दरवर्षी पाहत होतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मासे धरणारा तो ढिवर. ‘कोळी’ म्हटले की डोळ्यांपुढे भिंतीचा कोपरा येतो. पुलंनी योजलेला श्लेष किनाऱ्यावर दोन्ही अंगांनी कळतो, आमच्याकडे मात्र त्याचे एकच अंग कळते.

जायचे कुठे, याविषयी कोणालाच शंका नव्हती. समुद्र म्हणजे कोकण. मराठी वाचणाऱ्या माणसाचा समुद्र पश्चिमेलाच असतो आणि सूर्य त्यात मावळतो. श्री. ना. पेंडसे यांच्या दापोली परिसराने आणि चिं. त्र्यं. खानोलकरांच्या दक्षिण कोकणाने आमची समुद्राची कल्पना घडवली. गळाने मासे धरण्याला तिकडे ‘गरवणे’ म्हणतात, हेही आम्हाला वाचूनच ठाऊक. तेव्हा मालवणला जावे, असे ठरत होते.

भूगोलाच्या मित्राने नकाशा पसरला आणि त्या ठरण्यात विघ्न आले. मालवण गाठायचे तर अख्खा महाराष्ट्र आडवा ओलांडावा लागतो, हे खरेच. पण त्याचे म्हणणे वेगळे होते. आपल्या गावाशेजारच्या अमलनाल्याचे पाणी वर्धेच्या खोऱ्यातले. वर्धा वैनगंगेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते आणि गोदावरी आंध्रातून बंगालच्या उपसागराला जाते. “आपला समुद्र पूर्वेला आहे,” तो म्हणाला. “तुमच्या पुस्तकांनी तुम्हाला दुसऱ्याचा समुद्र दिला.” मराठीचे आम्ही यावर काही काळ गप्प बसलो. शाळेपासून पाठ केलेल्या नद्यांचा असा अर्थ आम्ही कधी लावला नव्हता.

मग बंगालच्या उपसागरातले बेट म्हणून अंदमान पुढे आले. बल्लारशाह दिल्ली-चेन्नई लोहमार्गावर असल्याने चेन्नई गाठणे आम्हाला अवघड नाही; तिथून विमान, नाहीतर जवळपास तीन दिवसांची बोट. मात्र मराठी वाचकाला हे नाव हौसेने उच्चारता येत नाही. सावरकर १९११ साली तिथे पोचले ते कैदी म्हणून, आणि ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या माणसाच्या मनात अंदमान म्हणजे कोलू आणि कोठडी. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचे नाव श्रीविजयपुरम झाले, तरी वाचकाच्या मनातले काळे पाणी पुसले गेलेले नाही. त्या बेटावर आम्ही सुटी काढून गळ टाकायला जाणार, याचा थोडा संकोच वाटला. तरी माहिती जमवत राहिलो. पावसाळा तिथे मे महिन्यातच उतरतो, म्हणून नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात मासेमारीला बंदी. हौशी मंडळी मुख्यतः ‘जायंट ट्रेव्हॅली’ या दांडग्या माशामागे असतात. पाण्यावर उड्या मारणारे लाकडी आमिष दूर फेकून ते वेगाने ओढायचे. मासा लागला की नावेत घ्यायचा, छायाचित्र काढायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचा. माशाला इजा कमी व्हावी म्हणून गळाचा उलटा काटाही चेपून टाकतात.

लांब फेकण्याचा सराव हवा म्हणून आम्ही अमलनाल्याच्या धरणावर गेलो. दोऱ्याला गळ न लावता नुसते शिसे बांधले होते. जाळे सोडवत बसलेला एक वयस्क ढिवर बराच वेळ आमच्याकडे पाहत होता. शेवटी त्याने विचारले तेव्हा आम्ही सगळा बेत सांगितला. मासा सोडून द्यायचा, हेही सांगितले. तो हसला नाही.

“सोडाचाच हाय, त धराचा कायले, सर?”

या प्रश्नाने आमच्यात फूट पडली. इंग्रजीच्या मित्राच्या मते सोडणे ही सभ्यता होती; मासे कमी होत असताना हौशी माणसाने निदान एवढे तरी करावे. भूगोलाच्या मित्राला ती सभ्यता पोट भरलेल्या माणसाची वाटली. आम्हाला सान्तियागो आठवला. चौऱ्याऐंशी दिवस रिकाम्या हाताने परतलेला तो म्हातारा त्या प्रचंड माशाला भाऊ मानतो आणि तरीही मारतो, कारण त्याचे जगणे त्यावर आहे. त्या विरोधातूनच त्या कथेचे दुःख येते. हे वर्गात समजावून सांगताना आम्ही कधी अडखळलो नव्हतो. आता कळले की आम्ही त्या कथेतून म्हाताऱ्याची झुंज उचलत होतो आणि त्याची गरज मागे ठेवत होतो.

बेत मोडला नाही, पण बदलला. छायाचित्रासाठी मासा धरायचा नाही. स्थानिक मच्छीमाराबरोबर, तो नेईल तर, हातदोरीने बसायचे आणि खाण्यापुरते मिळाले की दोरी गुंडाळायची. इंग्रजीच्या मित्राला हे अजून पटलेले नाही. तो येणार आहे, वाद घालत येणार आहे.

निघण्यापूर्वी धरणावर पुन्हा गेलो, तेव्हा नकाशातली गोष्ट त्या ढिवराला मोठ्या उत्साहाने सांगितली: इथले पाणी जाते त्याच समुद्रात आम्ही जाणार आहोत. त्याने जाळ्यातला रोहू काढून टोपलीत टाकला.

“पानी जाते, सर. हा मासा नाही जात. खाऱ्या पान्यात मरते थो.”

आम्ही मान डोलावली. मग त्याच्याकडून एक रोहू विकत घेतला आणि घरी आलो.