आमचा उंबरा किती फुटांचा?

पावसाळ्यात सांगलीकर भेटले की पहिला प्रश्न एकच: आयर्विनला किती? कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ ही धोका पातळी, हे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतं.

२०१९ च्या ऑगस्टात कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. पाणी उतरल्यावर गल्लीत चिखल उपसणं चाललं होतं, तेव्हा कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाचे काका म्हणाले, "बाई, पाणी माझ्या उंबऱ्याला पहाटे तीनला लागलं. घड्याळ बघितलंय मी. तेव्हा पुलाला किती होतं?"

पुराच्या दिवसांत फोनवर येईल ती पातळी मी आलेख कागदावर मांडत होते. पण नोंदी काही तासांच्या अंतरानं आलेल्या, आणि तीनची त्यात नव्हती. दोन टिंबं आणि त्यांना जोडणारी रेघ, एवढंच हाती होतं.

नववीच्या वर्गात अशा रेघेवरून मधला आकडा काढायला मी दरवर्षी शिकवते. आकडे सोपे करून सांगते. रात्री बाराला ४४ फूट, सकाळी सहाला ४६. सहा तासांत २ फूट, म्हणजे तासाला ४ इंच. तीनच्या खुणेवरून वर रेघेपर्यंत जायचं, तिथून आडवं उंचीच्या अक्षाकडे: ४५. वर्गात इथे गणित संपतं. काकांना मात्र या आकड्यावर पुढच्या पुरात साखरेची पोती कधी उचलायची ते ठरवायचं होतं.

म्हणून मी आजूबाजूची टिंबंही पाहिली. नदी रेघेप्रमाणे एका चालीनं चढत नाही. चढण्याचा वेग वाढत असेल, तर मधल्या वेळी खरं पाणी रेघेच्या खाली असतं. पाणी काठ सोडून शेतांत पसरलं की वेग मंदावतो, आणि मग ते रेघेच्या वर असतं. याचा अर्थ सखल भागातल्या घरांना फार महत्त्वाचा आहे. पूर चढण्याचा वेग वाढत असताना ज्यांच्या दारात पाणी येतं, त्यांचा उंबरा सरळ रेघ खऱ्यापेक्षा उंच दाखवते. त्या आकड्यावर विसंबलेलं घर उशिरा हलतं. मी टिंबांमधून हातानं वळणदार रेघ काढली आणि निघालेल्या आकड्यातून अर्धा फूट वजा करून तो काकांना दिला. पुलापासून आमच्या गल्लीपर्यंत पाण्याची पातळी अगदी सारखी नसते, त्याचीही सोय त्या अर्ध्या फुटात होती.

मग शेजारणी आल्या. कुणाला वेळ पक्की आठवत होती, कुणाला फक्त "दूधवाला यायच्या आधी" एवढंच. ज्यांची वेळ पक्की, त्यांचेच उंबरे मी कागदावर मांडले.

"पुढच्या वेळी किती चढेल, तेही सांगा की," असं एकजण म्हणाली. ते मी सांगितलं नाही. दोन टिंबांच्या मध्ये दोन्हीकडून आधार असतो. शेवटच्या टिंबाच्या पुढे कोयनेचा विसर्ग असतो, हरिपूरला मिळणारी वारणा असते, खाली नरसोबाच्या वाडीला तुंबलेली पंचगंगा असते. ते काम पाटबंधारे खात्याच्या इशाऱ्यांचं.

२०२१ च्या जुलैत पाणी पुन्हा पन्नाशी ओलांडून गेलं. पुलाला ४० झाले तेव्हाच काकांनी पोती माळ्यावर चढवायला घेतली होती, आणि समोरच्या आजींना त्यांचा आकडा यायच्या आत मुलानं मिरजेला नेलं होतं.