स्ट्राइक

शनिवार-रविवारी मी अंधेरीच्या एका मॉलमध्ये बोलिंगच्या जागी काम करतो, ही गोष्ट घरी वर्षभर लपवून ठेवली होती. 'क्लासला जातो' असे सांगत असे. कारण आमचे आबा. आबा गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यांचा जो साचा थांबला तो पुन्हा त्यांच्या हाताखाली चाललाच नाही. पुढे लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात बोलिंग निघाले. तेव्हापासून या खेळाचे नाव काढले की आबा उठून गॅलरीत जातात.

दिवाळीत बिंग फुटले. आबा रागावतील वाटले होते, ते एवढेच म्हणाले, "दाखव मला." हे त्याहून अवघड!

एका सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी घाटकोपरहून मेट्रोने दोघे गेलो. मी मोठ्या उत्साहाने समजावू लागलो. साठ फुटांची लाकडी वाट, टोकाला त्रिकोणात उभ्या दहा पिना. आमच्याकडे वाढदिवसाला येणारी मंडळी चेंडू सरळ ढकलतात आणि हसतात. खरे खेळाडू तसे करीत नाहीत. वाटेच्या पहिल्या चाळीसएक फुटांवर तेलाचा पातळ थर असतो, डोळ्यांना न दिसणारा. फिरकी दिलेला चेंडू त्यावरून घसरत जातो आणि कोरड्या लाकडावर आला की पकड घेऊन आत वळतो. उजव्या हाताचा खेळाडू पहिल्या आणि तिसऱ्या पिनेच्या मधली फट साधतो. प्रत्येक चेंडूबरोबर तेल सरकते, म्हणून दर खेपेला नेम बदलावा लागतो. तेल वाचणे हीच या धंद्यातली विद्या.

बोलता बोलता मी एक चेंडू टाकला. नेमका दहाच्या दहा पिना कोसळल्या आणि वर पडद्यावर 'स्ट्राइक' झळकले. आबांना इंग्रजीतले थोडेच शब्द येतात. त्यांपैकी हा एक.

"सगळे आडवे झाले की टाळ्या वाजवतात होय?" ते म्हणाले.

मला काही सुचेना. गप्प बसवेना म्हणून सांगू लागलो, की अशा चोख स्ट्राइकमध्ये चेंडू स्वतः चारच पिनांना लागतो, उरलेल्या सहा शेजारच्यांच्या धक्क्याने... आणि आपण काय बोलतो आहोत हे ध्यानात येऊन जीभ चावली.

"ठाऊक आहे," आबा म्हणाले. "मागे काय आहे?"

मागे यंत्रे आहेत. आमच्या मिस्त्रींनी त्यांना आत नेले. पडलेल्या पिना उचलून पुन्हा मांडणारे, चेंडू परत धाडणारे ते धूड पाहताना आबांचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. "धोट्यासारखा जातो नि येतो," ते म्हणाले. पूर्वी पिना मांडायला पोरे असत, १९५० नंतर अमेरिकेत यंत्रे आली नि ती कामे गेली, असे मिस्त्रींनी सांगितले. आबांनी पट्ट्याला हात लावून तो ढिला असल्याचे दाखवले. तो खरोखरच ढिला होता.

परतताना मेट्रोत मी त्यांना मोबाईलवर अर्ल अँथनीचा जुना खेळ दाखवला. डावखुरा, चष्मा लावणारा, किराणा मालाच्या कंपनीत नोकरी करता करता बोलिंगकडे वळलेला. १९७५ साली एका वर्षात एक लाख डॉलरहून अधिक मिळवणारा हा पहिला बोलर. मग ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमाँट: लहानपणी चेंडू पेलवत नव्हता म्हणून दोन्ही हातांनी टाकू लागला आणि मोठेपणीही तसाच टाकतो. जाणत्यांनी नाके मुरडली. पुढे कित्येकांनी तीच पद्धत उचलली. मला बेलमाँट आवडतो. आबांना त्याची घाई पटली नाही.

"तो चष्मेवाला पाहिलास? हात कुठे हिसकत नाही," साकीनाका गेल्यावर ते म्हणाले. "पुन्हा लाव."

घाटकोपर येईपर्यंत तीनदा लावला.